खेळघरातल्या तपासताई

छापखाना बंद पडला तेव्हा ताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. त्याआधीची पंचवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. छापायला जाण्याआधीची प्रुफं वाचायची आणि लाल शाईने चुका दाखवायच्या. चालत्या बसमधून एखाद्या दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं, तर ते त्यांना दिवसभर टोचत राहायचं. त्यांचे यजमान घड्याळजी होते. ते म्हणायचे, "हिला पत्र लिहायची सोय नाही. लग्नाआधी मी एकच लिहिलं होतं, ते दुरुस्त होऊन परत आलं."

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन भाऊ व्हिडिओ गेम तयार करायचे. थोरले चित्रकार. छापखान्यासाठी पुस्तकांची मुखपृष्ठं काढता काढता ते या धंद्यात आले होते, त्यामुळे ताईंची आणि त्यांची ओळख जुनी. धाकटा त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. तो प्रोग्राम लिहायचा. आईवडील लवकर गेले, म्हणून त्याला थोरल्यांनीच वाढवला होता. खाली यंत्रं उचलून नेत होते त्या दिवशी थोरले जिना उतरून आले आणि म्हणाले, "ताई, वर या. आम्हाला चुका काढणारं माणूस हवंय."

"अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. ज्याला कळतं तो चुकीला वळसा घालून जातो. तुम्ही सरळ जाऊन आपटाल."

आणि खरंच, पहिल्या दिवशी त्या सरळ जाऊन आपटल्या. खेळात एक बाई होती, एक विहीर होती, आणि विहिरीवरून उडी मारायची होती. ताई संध्याकाळपर्यंत चाळीस वेळा विहिरीत पडल्या. घरी घड्याळजींनी ऐकलं आणि म्हणाले, "लोकांच्या बायका विहिरीवरून पाणी आणून दमतात. माझी विहिरीत पडून दमते." पण एकेचाळिसाव्या वेळी ताईंच्या लक्षात आलं की विहिरीच्या डाव्या कडेला ती बाई पाण्यात न पडता दगडातच रुतून बसते. त्यांनी ते धाकट्याला दाखवलं.

धाकटा खुर्चीतून उठलाच. "दोन महिने आम्ही खेळतोय, कुणाला दिसलं नाही! याला बग म्हणतात, ताई."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... किडा."

"मग किडाच म्हण की."

तेव्हापासून त्या दोन खोल्यांत सगळेच किडा म्हणू लागले, आणि ताईंना नाव पडलं तपासताई.

खोल्या म्हणजे काय, चार टेबलं आणि नऊ माणसं. पंखा माणसांकडे नव्हे, संगणकांकडे तोंड करून ठेवलेला. वायरींचे जुडगे बुटांच्या नाड्यांनी बांधलेले. खिडकीखाली टायरवाल्याचं दुकान, त्यामुळे रबराचा वास आणि हातोड्याचा ठोका कायमचा. थोरल्यांचं टेबल खिडकीशी, धाकट्याचं भिंतीशी, आणि मध्ये ताईंचं. आजूबाजूचे लोक त्या जागेला खेळघर म्हणायचे. आधी चेष्टेने. मग 'दिवेवाला' आला. संध्याकाळी गल्लीतले दिवे लावत जाणाऱ्या म्हाताऱ्याचा साधा खेळ होता तो, पण पोरांनी डोक्यावर घेतला. त्यामागून 'टपालवाली' आली. तिचंही तसंच झालं. मग लोक खेळघर हा शब्द मानाने उच्चारायला लागले.

धाकट्याची फार इच्छा होती की ताईंनी किड्यांची यादी संगणकातच ठेवावी. ताईंनी ऐकलं नाही. जाडजूड वही, आखलेले रकाने आणि लाल पेन. 'दुसरं घर, जिना, पाचवी पायरी. दिवेवाला भिंतीत शिरतो.' अक्षर असं की धाकटा म्हणायचा, "तुमच्या हातून शिव्या खायलासुद्धा बरं वाटतं." तो वही घेऊन बसायचा, एकेक किडा मारायचा आणि शेजारी बरोबरची खूण करायचा. नऊ वर्षं हे असं सुरळीत चाललं.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ताईंच्या छापखान्यात एक खूण वापरायचे. एखादा शब्द खोडला आणि मग कळलं की तो शब्द बरोबरच होता, तर पुन्हा लिहीत बसायचं नाही. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'असू दे'. म्हणजे खोडणं रद्द, शब्द कायम. छापखान्यातल्या लहानथोर सगळ्यांना ते ठाऊक. थोरल्यांनाही ठाऊक. ताईंनी ती खूण वहीत आणली. किडा लिहायचा, पुन्हा खेळून तो दिसला नाही तर नोंद खोडायची, आणि खोडल्यावर पुन्हा दिसलाच तर खाली टिंबं, शेजारी 'असू दे'. म्हणजे नोंद कायम, किडा जिवंत.

असा प्रसंग वर्षातून एखादा. आणि आला तर ताई बहुधा तोंडाने सांगायच्याच, "अरे, तो परवाचा आहे बरं का." एकदा धाकट्याने वही पुढे धरून विचारलं होतं, "ही टिंबं कसली हो? रांगोळी काढलीत का?"

ताई हसल्या. "ती आमची छापखान्यातली भाषा. तुला काय करायचीय?"

त्यात वाईट काही नव्हतं. थोडी ऐट होती. सगळी पोरं त्यांना कळत नाहीत असे शब्द दिवसभर बोलायची. त्यांच्याकडेही एक गोष्ट होती जी पोरांना कळत नव्हती. तेवढंच.

मग 'नऊ पूल' आला. तीन वर्षं खपून केलेला. एक मुलगी नदीच्या मुखापासून उगमापर्यंत जाते, वाटेत नऊ पूल. थोरल्यांनी एकेका पुलासाठी महिना महिना चित्रं काढली. सातवा पूल सगळ्यात देखणा. बोट आली की तो मधोमध दुभंगून वर उचलला जायचा. ताई एकदा त्या पुलावर उभ्या असताना बोट येत होती, आणि त्यांनी नेमका तेव्हाच खेळ सेव्ह केला. परत उघडला तर पूलच नाही. मुलगी पाण्यात. पुन्हा उघडला, पुन्हा पाण्यात. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. आधीचे सहा पूलही गेले.

त्यांनी नोंद केली. मग पन्नास वेळा तसंच करून पाहिलं, पण एकदाही झालं नाही. त्यांनी नोंद खोडली. दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी त्या पुलावर गेल्या आणि पुन्हा तेच झालं. त्यांनी मागचं पान काढलं, खोडलेल्या ओळीखाली टिंबं दिली आणि लिहिलं, 'असू दे'. धाकटा त्या दिवशी तापाने घरी होता. तो आला तेव्हा ताई बहिणीकडे गेल्या होत्या. वही टेबलावर होती. तोंडाने सांगायचं राहिलं.

खेळ दुकानांत गेला. पहिल्या आठवड्यात कौतुकाची पत्रं आली. दुसऱ्या आठवड्यात दुसरी पत्रं आली. एका आईने लिहिलं होतं, माझा मुलगा सुट्टीभर खेळला आणि आता जेवत नाहीये. त्या काळी घरबसल्या दुरुस्ती पाठवायची सोय नव्हती, खेळ तबकडीवर यायचा. दुकानदारांनी खोके परत पाठवायला सुरुवात केली. जिन्यात रचून ठेवले तर वर जायला वाट उरेना. माणसं आडवी होऊन जिना चढायची.

थोरल्यांनी सगळ्यांसमोर वही उघडली. सकाळचे अकरा वाजले असतील. खाली टायरवाल्याचा हातोडा चालू होता.

"नोंद आहे इथे," ते म्हणाले. "सातवा पूल. स्पष्ट आहे. का दुरुस्त केलं नाहीस?"

धाकट्याने वाकून पाहिलं. "दादा, ती खोडलेली आहे. आणि शेजारी 'असू दे' लिहिलंय. मी असू दिलं."

"असू दे म्हणजे?"

"म्हणजे राहू दे. एवढं काही नाही, सोडून दे."

"टिंबं दिसत नाहीत तुला? टिंबं म्हणजे नोंद कायम! साधी गोष्ट आहे. ताई, सांगा याला."

सगळे ताईंकडे बघायला लागले. धाकटाही. ताईंना त्याच क्षणी सगळं लख्ख दिसलं. त्याने काय वाचलं ते, आणि आपण का हसलो होतो तेही. दोनच वाक्यं बोलायची होती. 'याला ती खूण मी कधी शिकवली नाही. याने विचारलं होतं, मी सांगितलं नाही.' पण समोर सात-आठ जण उभे होते, थोरल्यांचा आवाज चढलेला होता, आणि आपण सत्तावन्न वर्षांच्या आहोत, एकदा घरी बसलो की दुसरीकडे कुणी विचारणार नाही, हेही डोक्यात होतं. त्या हातातल्या पेनाकडे बघत म्हणाल्या,

"हो. टिंबं म्हणजे कायम."

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

थोरल्यांनी मग तोंडाला येईल ते ऐकवलं. "आईबापांमागे तुला वाढवला तो याच दिवसासाठी का" इथपर्यंत गेले. धाकट्याने खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर घेतला आणि आडवा होऊन जिना उतरला. परत आला नाही.

त्याच्यानंतर खेळघर अकरा महिने जगलं. नवे प्रोग्रामवाले आणले, पण त्यांना धाकट्याचं लिहिलेलं उमजेना. त्याने प्रोग्रामच्या तुकड्यांना घरातली नावं दिली होती. एकाचं नाव 'आई ओरडेल'. एकाचं 'दादा थांब'. नवा माणूस डोकं धरून विचारायचा, "हे दादा थांब नेमकं काय थांबवतं?" कुणाला माहीत नव्हतं. काढून पाहिलं तर अख्खा खेळ थांबायचा. थोरले त्या पडद्याकडे बघत बसायचे आणि उठून खिडकीशी जायचे. अखेर एका सोमवारी पाटी उतरवली. ताईंनी आपल्या वह्या मागितल्या. थोरल्यांनी दिल्या, आणि वर म्हणाले, "अख्ख्या खेळघरात डोळे उघडे ठेवणाऱ्या तुम्ही एकट्या होतात."

हे वाक्य ते पुढची दहा वर्षं म्हणत राहिले. त्यांची बायको वारली, मग साखरेने त्यांची दृष्टी गेली, अगदी अंधार नाही, पण माणसाचा नुसता आकार दिसेल इतपत. ताई दर मंगळवारी त्यांच्याकडे जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. ते कुणाला फोनवर सांगायचे, "आमच्या तपासताई आल्यात, माझे डोळेच त्या." ताईंना ते ऐकवत नसे. सकाळी देवापुढे हात जोडले की त्या एकच मागायच्या, या दोघांना एकत्र आण. कसं आणायचं ते मात्र देवावर सोपवायच्या. स्वतःकडे काय आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं.

घड्याळजींना सगळं ठाऊक होतं. ते एकदाच म्हणाले, "घड्याळ बंद पडलं की गिऱ्हाईक म्हणतं देवाची मर्जी. मी म्हणतो आधी झाकण तर उघड."

मग एका रविवारी धाकट्याच्या बायकोचा फोन आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "ताई, यांना अर्धांगाचा झटका आला होता. महिना झाला. आता घरी आहेत. बोलतात थोडं थोडं. दादा कुठाय, एवढंच विचारतात. मी भाऊजींना दोनदा फोन केला, ते ठेवून देतात. तुमचं ऐकतात म्हणे."

"ऐकतात," ताई म्हणाल्या. "म्हणूनच अवघड आहे."

"काय?"

"काही नाही. आणते मी त्यांना."

मंगळवारी त्या गेल्या. थोरल्यांनी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून ठेवली होती. ताईंनी वर्तमानपत्राचं पहिलं पान अर्धं वाचलं आणि थांबल्या.

"संपलं?"

"नाही. धाकट्याला झटका आलाय. उजवी बाजू गेलीय. तुमची आठवण काढतो."

थोरल्यांचा चेहरा कठोर झाला. "पुढचं वाचा."

"एक आहे, ते आधी ऐका. टिंबांचं." आणि ताईंनी सांगितलं. त्याने कधी विचारलं, आपण काय म्हणालो, त्या सकाळी काय बोललो आणि काय गिळलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. अकरा वर्षं लागली होती त्याला.

थोरले म्हणाले, "त्याने विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारलं होतं."

"आणि तुम्ही हसलात."

"हसले."

"मी सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"होतं."

"आणि दर मंगळवारी इथे बसून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले. "माझ्या चपला कुठायत?"

ताईंनी चपला पुढे सरकवल्या. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले, दिसत काही नव्हतं तरी. धाकट्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन मजले. ताईंनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. थोरल्यांनी कठडा चाचपला आणि तोच धरून चढले. दुसऱ्या मजल्यावर पायरी चुकली, गुडघा आपटला, तरी हात घेतला नाही.

धाकट्याच्या बायकोने दार उघडलं आणि पदर तोंडाला लावला. आत धाकटा खुर्चीत होता, उजवा हात उशीवर ठेवलेला. केस निम्मे गेलेले. थोरले खुर्चीतल्या आकाराच्या रोखाने दोन पावलं पुढे आले आणि स्टुलाला अडखळले.

"म्हा... तारा," धाकटा म्हणाला. जीभ जड होती, पण शब्द कळला. "झालास."

"आणि तू काय कोवळा राहिलायस?" थोरले म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. त्यांनी हात पुढे करून त्याचं डोकं शोधलं, मग कान, मग खांदा. चाचपत चाचपत खालीच बसले.

ताई भिंतीशी उभ्या होत्या. बायको चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्या पुढे आल्या. जे थोरल्यांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, हळू आणि सुटं सुटं, म्हणजे त्याला कळावं. धाकटा ऐकत होता. त्याचा डावा डोळा पाणावला, पण झटक्यानंतर तो कशानेही पाणावतो, असं बायकोने आधीच सांगितलं होतं. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

"तेव्हा," तो म्हणाला. थांबला. ओठ जुळवले. "तेव्हा बोला... यचं."

"हो रे," ताई म्हणाल्या. "तेव्हाच बोलायचं होतं."

तो आणखी काही बोलतो का याची त्यांनी वाट पाहिली. तो थोरल्यांकडे बघत होता.

त्या निघाल्या तेव्हा थोरले तिथेच थांबणार होते. दारापाशी ते म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येऊ नका. मी इथे असेन."

"आणि त्याच्या पुढच्या?"

थोरल्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. आतून धाकटा काहीतरी पुटपुटला आणि ते तिकडे वळले.

त्याच्या पुढच्या मंगळवारी ताई वाट पाहत घरी बसल्या. फोन आला नाही. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी स्वतः केला. थोरल्यांनी उचलला, आवाज ओळखला, आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "वाचायला आता एक शेजारची बाई येते. तुम्हाला उगाच बसची दगदग." ताई म्हणाल्या, बरं. घड्याळजी समोर बसून भिंग डोळ्याला लावून काम करत होते. त्यांनी भिंग काढलं नाही, विचारलंही नाही.

देवाकडे जे मागितलं होतं ते मिळालं होतं. आता हात जोडल्यावर काय मागावं हे त्यांना सुचत नसे. नुसत्या उभ्या राहायच्या.

चार महिन्यांनी धाकट्याच्या बायकोचा फोन आला. औषधाचं एक नाव तिला वाचता येत नव्हतं, तेवढ्यासाठीच. तिने एकेक अक्षर सांगितलं, ताईंनी ती जुळवून नाव सांगितलं. मग न राहवून विचारलं, "कसे आहेत दोघं?"

"काल भांडले हो!" ती हसायला लागली. "खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून. एकाला दिसत नाही, एकाला उठता येत नाही, आणि तासभर भांडण. शेवटी मीच ओरडले."

"भांडले ना? मग बरे आहेत."

"या की एकदा."

"थोरले असतात ना तिथे?"

"हो. रोजच असतात."

"मग नको," ताई म्हणाल्या. "ते औषध जेवणानंतर द्यायचं हं. कागदावर 'जेवणाआधी' लिहिलं असेल, तर पुन्हा विचारून घे डॉक्टरांना. आपल्या मनाने काही ठरवू नकोस."